खोकं रद्दीत गेलं, वॉरंटी नव्हे

प्रश्न: मी बार्शीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून १२ जीबीचं, दोन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड घेतलं. वॉरंटी ३ वर्षांची. गेल्या महिन्यापासून एक्सपोर्ट लावला की स्क्रीनवर रंगीत चौकोन येतात. कधी स्क्रीन एकदम काळी होते आणि पंखे जोरात फिरत राहतात. दुकानदार म्हणतो, "बॉक्स आणा, बॉक्सशिवाय कंपनी घेत नाही." बॉक्स दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याकडे गेला. बिल आहे, पण छपाई उडून कागद जवळजवळ कोरा झालाय. इथला एक जण उघडून दुरुस्त करून देतो म्हणतोय. काय करावं? लग्नसराई तोंडावर आहे.
— एक वाचक, बार्शी

उत्तर: आधी त्या दुरुस्तीवाल्याला नाही म्हणून कळवा. कार्डाच्या मागच्या बाजूला, चिपच्या भोवती, स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. त्यातल्या एकावर बहुतेक कंपन्या गोल कागदी स्टिकर लावतात. ते फाटलं किंवा त्यात स्क्रूड्रायव्हरचं भोक पडलं, की काउंटरवरचा माणूस पुढचं काही बघायच्या आत 'कार्ड उघडलेलं आहे' असा शेरा मारतो. यूट्यूबवर कार्ड ओव्हनमध्ये भाजून बरं करणारे महाभागही आहेत, त्यांच्या नादी लागू नका. चालू वॉरंटीतल्या कार्डाला तुम्ही स्वतः करायची दुरुस्ती एकच: ब्रशने धूळ झाडणं, तीही पंखा बोटाने धरून.

आता बॉक्सबद्दल. दुकानदार दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ करतोय. ऑनलाइन किंवा दुकानातून घेतलेला माल पहिल्या सात-दहा दिवसांत परत करायचा असेल, तर बॉक्स, केबल, पुस्तिका सगळं लागतं, कारण तो माल पुन्हा विकायचा असतो. कंपनीची वॉरंटी वेगळी. ती कार्डाच्या सिरियल नंबरवर आणि खरेदीच्या तारखेवर चालते. तुमच्या कार्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीच्या अटींचं पान असेल, ते शेवटपर्यंत वाचा. अशा पानांवर सहसा 'सुरक्षित पॅकिंग करून पाठवा, वाहतुकीतल्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही' अशा अर्थाचं वाक्य असतं. काही कंपन्या 'शक्यतो मूळ पॅकिंगमध्ये' असंही लिहितात. शक्यतो म्हणजे सक्ती नव्हे.

दुकानदार अगदीच खोटं बोलतोय असंही नाही. तुमच्यासारख्या पाच-दहा गिऱ्हाईकांचा माल तो एका मोठ्या खोक्यात भरून डिस्ट्रिब्युटरकडे पाठवतो. त्यात सुटं कार्ड घासलं किंवा वाकलं तर डिस्ट्रिब्युटर ते नाकारतो आणि भांडण दुकानदाराच्या गळ्यात येतं. बॉक्स मागितला की निम्मी गिऱ्हाईकं परत फिरकत नाहीत, हाही एक फायदा त्याला ठाऊक असतो. तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालण्यात वेळ घालवू नका. "बॉक्सशिवाय घेत नाही हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा," एवढं शांतपणे सांगा. बरेचदा सूर तिथेच बदलतो. नाही बदलला तर दुकानदाराला वगळून थेट कंपनीकडे जाता येतं. पुण्या-मुंबईत बहुतेक ब्रँडची स्वतःची किंवा नेमलेली सर्व्हिस सेंटरं आहेत.

बॉक्स गेल्याने खरं नुकसान एवढंच झालं, की त्यावरचं सिरियल नंबरचं लेबल आणि आयातदाराच्या नाव-पत्त्याचं स्टिकर गेलं. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव छापणं सक्तीचं आहे, आणि भारतात क्लेम कोणाकडे करायचा हे त्यावरूनच कळतं. पण हे दोन्ही दुसरीकडून मिळवता येतं. सिरियल नंबर कार्डावर असतोच, आणि आयातदार कोण ते कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर किंवा दुकानदाराच्या खरेदी बिलावर सापडतं. कार्डाच्या कडेला आयातदाराचं स्वतःचं छोटं स्टिकर असेल तर ते अजिबात खरवडू नका. कार्ड अधिकृत आयातीतून आलं होतं की कोणी दुबईहून बॅगेतून आणलं होतं, याचा तोच एक पुरावा असू शकतो.

बिलाकडे वळू. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेने आणि प्लास्टिकच्या पाकिटात राहून उडते. तो कागद लॅमिनेट मात्र करू नका, यंत्राच्या उष्णतेने अख्खा काळा पडेल. आधी मोबाइलने चांगल्या उजेडात फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवून पाहा. बिल नंबर आणि तारीख एवढं जरी उमटलं तरी पुरे. मग दुकानदाराकडे डुप्लिकेट बिल मागा. "जुनं आहे, निघणार नाही," असं तो म्हणाला तर ते खरं नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षीच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. टॅलीत तारीख, रक्कम किंवा तुमचा मोबाइल नंबर टाकला की दोन मिनिटांत बिल निघतं. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटवरून अचूक तारीख काढून द्या, म्हणजे त्याला शोधायचा कंटाळा करता येणार नाही.

डुप्लिकेट घेताना तीन गोष्टी तपासा: दुकानाचा जीएसटी नंबर, कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव आणि सिरियल नंबर. सिरियल बिलावर नसेल तर दुकानाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, 'अमुक बिलावरील कार्डाचा सिरियल नंबर हा' असं लिहून घ्या. कागदावर 'एस्टिमेट' किंवा 'चलन' असं छापलं असेल तर ते कच्चं बिल, कंपनी ते मानणार नाही. अशा वेळी वॉरंटी ही ग्राफिक्स कार्डाच्या उत्पादनाच्या महिन्यापासून धरली जाण्याची शक्यता असते, आणि मग दुकानात पडून राहिलेले महिने तुमच्या मुदतीतून कापले जातात.

सिरियल नंबर कार्डाच्या मागच्या पत्र्यावर किंवा कडेच्या पांढऱ्या लेबलवर असतो. त्याच लेबलवर पार्ट नंबरही असतो. तो त्या मॉडेलच्या सगळ्या कार्डांवर सारखाच, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. 'एस/एन' लिहिलेला नंबर घ्या. डोळ्यांनी वाचून टाइप करण्यापेक्षा बारकोड मोबाइलने स्कॅन करा. शून्य आणि इंग्रजी ओ, आठ आणि बी यांची गल्लत झाली की वेबसाइट 'असा नंबर नाही' म्हणते आणि माणूस घाबरतो. लेबलवर सॅनिटायझर किंवा स्पिरिट फिरवू नका. शाई पुसली तर बॉक्स असताना जो आधार होता, तोही आता नाही.

नंबर मिळाला की कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटी तपासा. तिथली तारीख आणि बिलाची तारीख यात फरक असेल तर गडबडू नका. वेबसाइट बऱ्याचदा कारखान्यातून माल निघाल्याची तारीख धरते, बिल दाखवलं की ती दुरुस्त होते.

कार्ड काढून पाठवण्याआधी दोष कार्डाचाच आहे, हे सिद्ध करा. हे टाळलं तर तीन आठवड्यांनी कार्ड 'दोष आढळला नाही' या शेऱ्यासह जसंच्या तसं परत येतं. रंगीत चौकोन दिसतील तेव्हा लगेच स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलनेही स्क्रीनचा व्हिडिओ काढा. स्क्रीनशॉटमध्येही चौकोन उमटले, तर बिघाड साधारणपणे कार्डाच्या मेमरीत किंवा चिपमध्ये असतो. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि मॉनिटरवर मात्र चौकोन, तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर यांच्यावर संशय घ्या. एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल लावून पाहा. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या, स्क्रीनवर पाच मिनिटं थांबा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) चालूच नसतो, त्यामुळे तिथेही चौकोन आले तर "ड्रायव्हर बदलून बघा" हे उत्तर कोणी तुम्हाला देऊ शकणार नाही. तो व्हिडिओ सोन्याच्या मोलाचा. बायोसमध्ये सगळं ठीक असेल तर डीडीयू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, नवा घाला, ओव्हरक्लॉकिंगचं (कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं) सॉफ्टवेअर असेल तर तेही काढून टाका आणि एक्सपोर्ट लावा.

स्क्रीन काळी होते आणि पंखे सुसाट सुटतात, हे लक्षण कार्डाचं असू शकतं तसं एसएमपीएसचंही, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचंही असतं. मल्टिमीटर असेल तर एक्सपोर्ट चालू असताना एसएमपीएसच्या मोकळ्या चार पिनी मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेमधला व्होल्टेज मोजा. तो ११.४ ते १२.६ च्या आत हवा. लोड आल्यावर ११.४ च्या खाली जात असेल तर आधी एसएमपीएस बघा. कार्डाला ८ पिनांची वायर थेट एसएमपीएसमधून आलीय का, की मोलेक्सचा जोड लावलाय, तेही पाहा. असा स्वस्त जोड तापून कनेक्टर पिवळा-तपकिरी पडला असेल, तर कंपनी त्याला 'जळालेलं' म्हणते आणि तो वॉरंटीत बसत नाही. शेवटची तपासणी म्हणजे कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसवून अर्धा तास चालवणं. बार्शीत एखाद्या मित्राकडे किंवा सायबर कॅफेत हे सहज जमेल. तिथेही चौकोन आले की प्रश्न मिटला.

मग कंपनीला ई-मेल करा. फोन नव्हे, ई-मेल. कॉल सेंटरवरचं आश्वासन काउंटरवर चालत नाही, ई-मेलची प्रिंट चालते. विषयात मॉडेल आणि सिरियल नंबर घाला. मजकूर एवढाच पुरे: "कार्ड अमुक तारखेला, अमुक दुकानातून, अमुक बिलाने घेतलं. एक्सपोर्ट सुरू केल्यावर साधारण १० मिनिटांत रंगीत चौकोन येतात, स्क्रीनशॉटमध्येही दिसतात. ड्रायव्हर पूर्ण काढून नवा घातला, केबल आणि पोर्ट बदलले, दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये तपासलं, दोष तोच. मूळ बॉक्स उपलब्ध नाही. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत, सुरक्षित पॅकिंग करून देईन. चालेल का आणि कुठे द्यायचं, ते कळवावं." दोष किती मिनिटांनी आणि काय करताना दिसतो, हे जरूर लिहा. सर्व्हिस सेंटरचा माणूस कार्ड लावून विंडोज उघडलं की 'चालतंय' म्हणतो, त्याला किती वेळ थांबायचं ते तुम्हीच सांगायला हवं. बॉक्सबद्दलचं वाक्य लपवू नका. त्यावर "चालेल" असं लेखी आलं, की दुकानदाराच्या आणि काउंटरच्या दोन्ही आक्षेपांना उत्तर तयार. उत्तरात आरएमए नंबर (माल परत पाठवायच्या परवानगीचा नंबर) किंवा तिकीट नंबर मिळेल, तो जपून ठेवा.

आता खरं काम पॅकिंगचं. बॉक्स नसल्यामुळे क्लेम नाकारला जाण्यापेक्षा, बॉक्स नसल्यामुळे नीट न बांधलेलं कार्ड वाटेत दुखावून क्लेम नाकारला जाण्याची भीती कितीतरी जास्त. सर्व्हिस सेंटरच्या भाषेत याला 'फिजिकल डॅमेज' म्हणतात. त्यात काय काय धरतात ते पाहा: वाकलेली मागची स्टीलची पट्टी, तुटलेला पंखा, स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी संपर्कपट्टीवरचा ओरखडा, गंज, पाण्याचा डाग, आणि सगळ्यात फसवं म्हणजे सोनेरी पट्टीच्या लगेच वर असलेल्या, मोहरीएवढ्या कपॅसिटरांपैकी एखादा उडालेला. कार्ड स्लॉटमधून तिरपं ओढलं किंवा कॅबिनेटच्या कडेवर घासलं की हे कपॅसिटर निघून येतात. तुम्हाला पत्ताही लागत नाही, तिकडे मात्र भिंगाखाली पहिल्यांदा तेच बघतात.

त्यामुळे काढताना घाई नको. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. ८ पिनांच्या कनेक्टरची चाप दाबून तो सरळ काढा. मागच्या पट्टीचे एक-दोन स्क्रू काढा. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून ठेवून कार्ड दोन्ही हातांनी सरळ वर उचला. अडलं तर खिटी नीट दबलेली नाही असं समजा, जोर लावू नका. सोनेरी पट्टीला बोट लावू नका. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झाडा. मालवण, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेतल्या वाचकांनी पट्टीवर गंजाचा तांबूस थर दिसतोय का ते बघावं. तो खरवडायला जाऊ नये, खरवडल्याचीच खूण जास्त दिसते.

कार्ड पुठ्ठ्यावर ठेवून दिवसाउजेडी फोटो काढा: पुढून, मागून, सोनेरी पट्टी दोन्ही बाजूंनी अगदी जवळून, पॉवरचा कनेक्टर, मागचे पोर्ट, स्क्रूवरचं स्टिकर आणि सिरियलचं लेबल. पट्टीचा फोटो असा हवा की कपॅसिटर मोजता यावेत. पुढे वाद झाला तर हेच तुमचं पंचनाम्याचं कागदपत्र.

सामान फार लागत नाही. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी एक, साधारण २५ बाय ३५ सेंटिमीटरची. गावातल्या कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्याकडे मदरबोर्डच्या अशा पिशव्या पडून असतात, मागितली तर तो फुकट देईल. गुलाबी प्लास्टिकची पिशवी पाहून फसू नका. ती स्वतः स्थिर वीज तयार करत नाही, पण बाहेरून आलेली अडवतही नाही. चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, तो अडवतो, पण पिशवीला भोक नको. साधी कॅरी बॅग, क्लिंग फिल्म किंवा थर्मोकोल थेट कार्डाला लावू नका. त्यांच्यात घासून स्थिर वीज तयार होते, थर्मोकोलचे दाणे पंख्यात आणि पोर्टांत अडकतात ते वेगळंच.

पोर्टांची आणि सोनेरी पट्टीची प्लास्टिकची टोपणं सापडली तर बसवा. मागच्या स्टीलच्या पट्टीची टोकं धारदार असतात, ती पिशवी फाडतात. टोकांना पिशवीच्या बाहेरून पुठ्ठ्याची घडी लावा. कार्ड पिशवीत सरकवा, तोंड दुमडा, टेप पिशवीला लावा, कार्डाला नाही. त्यावर बबल रॅपचे दोन वेढे, फुगे आतल्या बाजूला.

आतल्या खोक्यासाठी सगळ्यात सोयीचा म्हणजे मोठ्या, एटीएक्स मदरबोर्डचा रिकामा बॉक्स. दोन पंख्यांचं कार्ड साधारण २४ सेंटिमीटर लांब असतं, ते त्यात आडवं आरामात बसतं. झाकण दाबून लावावं लागत असेल तर तो बॉक्स नको, तो दाब पंख्याच्या दांड्यावर येतो. आत रिकामी जागा राहिली तर कागदाचे घट्ट बोळे कोपऱ्यांत भरा. मदरबोर्डच्या बॉक्सवरचा जुना बारकोड आणि सिरियल मात्र जाड पेनाने खोडा किंवा त्यावर कागद चिकटवा. नाहीतर माल घेणारा तोच स्कॅन करतो, आणि तुमच्या कार्डाऐवजी कोणाच्या तरी मदरबोर्डची नोंद होते.

हाती घेऊन जाणार असाल तर पॅकिंग इथेच संपलं, आणि तसं करता आलं तर उत्तमच. बार्शी-पुणे जेमतेम दोनशे किलोमीटर. एसटीच्या एका फेरीत काम होतं, कार्ड मांडीवर राहतं आणि काउंटरवर समोरासमोर तपासणी होते. जाण्याआधी ते सेंटर ग्राहकाकडून थेट माल घेतं का आणि किती वाजेपर्यंत, हे फोन करून विचारा. काही ठिकाणी दुपारनंतर घेत नाहीत.

कुरियरच करायचं असेल तर बाहेरचं खोकं पाच पदरी, कडक, आणि आतल्या बॉक्सच्या सहाही बाजूंना ५ सेंटिमीटर जागा राहील एवढं मोठं घ्या. त्या जागेत बबल रॅप किंवा थर्मोकोलच्या पट्ट्या भरा. वर्तमानपत्राचे सैल बोळे नकोत, ट्रकच्या हादऱ्यांनी ते बसतात आणि आतला बॉक्स खुळखुळायला लागतो. टेप लावण्याआधी खोकं कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत उघडा. पावसाळ्यात आतला बॉक्स पॉलिथिनमध्ये गुंडाळा. टेप इंग्रजी एच अक्षरासारखी, मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर.

पैशांचा अंदाज असा: कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५०००. खोकं ४४ बाय ३७ बाय १८ असेल तर ५.८६, म्हणजे पार्सल दीड-दोन किलोचं असलं तरी पैसे ६ किलोचे. म्हणून खोकं विनाकारण मोठं घेऊ नका. खरी किंमत जाहीर करा आणि वाहतूक विमा घ्या. विमा नसेल तर हरवलेल्या पार्सलपोटी कुरियर जी भरपाई देतं, त्यात कार्डाचा पंखाही येणार नाही. 'दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही' असं लिहिलेला कागद आणि बिलाची झेरॉक्स सोबत जोडा. आरएमए नंबर आतल्या कागदावर आणि बाहेरच्या खोक्यावर, दोन्हीकडे लिहा. स्क्रू, आधाराची पट्टी, जोडवायरी पाठवू नका. मागितल्या नसतील तर त्या परत येण्याची आशा नाही. पॅकिंग करतानाचा एक सलग व्हिडिओ काढा, त्यात सिरियल नंबर स्पष्ट दिसू द्या.

काउंटरवर कार्ड दिलं की जॉबशीट मिळते. सही करण्याआधी 'मालाची स्थिती' हा रकाना वाचा. तिथे 'ओरखडे आहेत', 'स्थिती तपासलेली नाही' असलं काही असेल तर हटकून बदलून घ्या: 'बाह्य नुकसान नाही, बॉक्सशिवाय स्वीकारलं.' पुढे "तुमच्याकडूनच तुटून आलं" म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही. दोषाच्या रकान्यात नुसतं 'डिस्प्ले प्रॉब्लेम' लिहितील. त्याऐवजी 'लोडवर १० मिनिटांनी चौकोन' लिहायला लावा.

लग्नसराईचं काय, तर तुमचा प्रोसेसर इंटेलचा असेल आणि नावाच्या शेवटी एफ नसेल, तर त्यात बहुधा अंगचं ग्राफिक्स असतं. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. क्विक सिंकमुळे (त्या ग्राफिक्सच्या व्हिडिओ एक्सपोर्टच्या सोयीमुळे) साधा एक्सपोर्ट बऱ्यापैकी वेगात होतो. रंगकाम आणि इफेक्ट रडतखडत चालतील. कार्ड परत यायला दोन-चार आठवडे धरून चाला.

याच सदराकडे बॉक्स हरवल्याचे प्रश्न इतर भागांबद्दलही येतात, म्हणून थोडक्यात. मदरबोर्डचा सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) पिनांचा असेल तर त्यावरची काळी प्लास्टिकची टोपी बॉक्सपेक्षा मोलाची. ती नसेल तर बोर्ड घेत नाहीत, कारण एक पिन वाकली की वॉरंटी संपली. नव्या बोर्डाच्या गिऱ्हाइकाची उरलेली टोपी दुकानात मागा, सॉकेट तोच आहे ना ते बघून. प्रोसेसर हा एकच भाग असा, जिथे बॉक्स जाणं महागात पडू शकतं. इंटेलच्या क्लेममध्ये बॅच नंबर आणि सिरियल नंबर दोन्ही मागतात. बॅच नंबर प्रोसेसरच्या पत्र्यावर छापलेला असतो, पूर्ण सिरियल मात्र बॉक्सच्या लेबलवर. बॉक्स टाकायचाच असेल तर आधी लेबलचा फोटो काढा. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर घेतला असेल तर इंटेलची वॉरंटी नसतेच, जी काही असेल ती विक्रेत्याची. हार्ड डिस्कला बॉक्स कोणी विचारत नाही, पण बदलून मिळते ती डिस्क, डेटा नाही.

कंपनीने नाकारलंच तर कारण ई-मेलवर मागा, आणि फिजिकल डॅमेज म्हटलं असेल तर नुकसान दाखवणारा फोटो मागा. तो तुमच्या फोटोंशी ताडून पाहा. कारण नुसतं 'मूळ बॉक्स नाही' एवढंच असेल तर त्यांच्याच वॉरंटीच्या अटींमधलं पान जोडून उलट ई-मेल करा, सात-दहा दिवसांची मुदत द्या. तरी हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. ती फक्त मध्यस्थी करते, आदेश देत नाही. पण कंपनीच्या तक्रार विभागापर्यंत कागद पोचतो, आणि एवढ्या रकमेची प्रकरणं पुष्कळदा तिथेच मिटतात.

त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरात, तक्रार करता येते. दुकान पुण्याचं असलं तरी तिकडे खेपा नकोत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो. एक मुद्दा तुमच्या बाबतीत नक्की निघेल: "कार्ड धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही." कायद्यातच याचं उत्तर आहे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात 'उपजीविकेसाठी, स्वतः वापरतो' हे शब्द घाला.

क्लेम मान्य झाला तर तुमचंच कार्ड दुरुस्त होऊन येईल, किंवा बदली कार्ड मिळेल. ते पूर्वी दुरुस्त केलेलं असू शकतं, अटींमध्ये तशी मुभा कंपनीने ठेवलेली असते. मॉडेल बंद झालं असेल तर बरोबरीचं किंवा वरचं मॉडेल मागा. घसारा कापून क्रेडिट नोट पुढे केली तर लगेच हो म्हणू नका. आधी त्या रकमेत आज बाजारात १२ जीबीचं कार्ड येतं का ते पाहा, कारण एकदा सही केली की क्लेम बंद होतो. वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, जुन्याचीच उरलेली चालते. बदली कार्डाचा सिरियल नंबर तुमच्या बिलावरच्या नंबराशी जुळणार नाही. म्हणून जुना आणि नवा दोन्ही नंबर लिहिलेलं डिलिव्हरी चलन मागून घ्या, शिक्क्यासह, आणि डुप्लिकेट बिलाला टाचून ठेवा. ते चलन थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा.